सूर्यावरील लघुस्फोट आणि वर्णरेषेची साक्ष

विज्ञानाच्या इतिहासात कित्येकदा घटनेस नाव आधी मिळते व त्याची यथार्थता पुष्कळ काळाने पारखली जाते. सूर्याच्या वातावरणातील लघुस्फोटांचा इतिहास असाच आहे.

१९१७ साली माउंट विल्सन वेधशाळेतील फर्डिनंड एलरमन यांनी काही विलक्षण वेध प्रसिद्ध केले. हायड्रोजनच्या तांबड्या एच-आल्फा रेषेच्या दोन्ही बाजूंस चार-पाच आंगस्ट्रॉमपर्यंत एक अरुंद, तेजस्वी पट्टा उमटे व काही मिनिटांत मावळे. रेषेचा मध्य मात्र काळाच राही. या घटनांना त्यांनी ‘बाँब’ म्हटले. रेषेचा मध्यभाग वरच्या थरांत घडतो, बाजूंचा प्रकाश खालून येतो. अर्थात हा उजाळा खोल थरातील होय. परंतु रेषा रुंदावण्याची कारणे अनेक असतात. केवळ रुंदीवरून स्फोट सिद्ध होत नाही.

त्याहून वरच्या, सुमारे १,००,००० केल्विन तपमानाच्या संक्रमण-स्तराचा प्रकाश मुख्यतः जंबुपार असल्याने पृथ्वीचे वातावरण तो अडविते. अग्निबाणांतून नेलेल्या वर्णपटलेखकाच्या आधारे ब्रुकनर व बार्टो यांनी १९८३ मध्ये कार्बनच्या रेषांत सेकंदास शेकडो किलोमीटर वेग दाखविणारी स्थानांतरे वर्णिली. अशा घटना सरासरी मिनिटभर टिकतात, असे पुढे १९८९ मध्ये दिसून आले. तरीही रेषा तांबड्या व निळ्या अशा दोन्ही दिशांस पसरली, तर ते वायूचे प्रसरण, खळबळ की दोन स्वतंत्र झोत, हा प्रश्न उरलाच.

त्याचा उलगडा १९९७ मध्ये झाला. सोहो यानावरील सुमर या उपकरणाची फट टप्प्याटप्प्याने सरकवून घेतलेल्या वर्णपटांत डेव्हिना इनेस व सहकाऱ्यांना घटनास्थळाच्या एका बाजूस निळे, तर दुसऱ्या बाजूस तांबडे स्थानांतर आढळले. विरुद्ध दिशांचे हे झोत म्हणजे चुंबकीय बलरेषा तुटून नव्याने जुळण्याचा अपेक्षित परिणाम होय.

२०१४ मध्ये आयरिस उपग्रहाच्या वेधांतून हार्डी पीटर व सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. सिलिकॉनच्या रुंद, तेजस्वी रेषांवर निकेलच्या काळ्या शोषणरेषा उमटल्या होत्या. म्हणजे तप्त वायूवर थंड वायूचे आच्छादन होते. एलरमनच्या घटनांचे तपमान सामान्यतः १०,००० केल्विनहून कमी मानले जाते. त्यामुळे दोन्हींचे नाते वादग्रस्त ठरले. २०१६ मधील तुलनेत काही ठिकाणी दोन्ही घटना एकत्र आढळल्या, काही ठिकाणी नाहीत. ‘बाँब’ हे एकच नाव दोहोंस लावताना हा भेद विसरता कामा नये.