डोंगरांची यादी आणि हिवाळा

अष्टविनायकाच्या यात्रेला निघालेला माणूस सात गणपती करून घरी बसला, तर आठव्याची चुटपुट त्याला लागून राहते. यादी म्हटली की असेच व्हायचे! अमेरिकेच्या ईशान्येकडे न्यू हॅम्पशायर नावाचे राज्य आहे. तेथील डोंगर हिंडणाऱ्या मंडळींनाही असाच एका यादीचा नाद आहे. तिची ही हकीकत.

या राज्यात ‘व्हाइट मौंटन्स’ नावाच्या डोंगररांगा आहेत. १९५७ साली अ‍ॅपलाशियन मौंटन क्लबाच्या छत्राखाली एक मंडळ निघाले. चार हजार फुटांहून उंच असलेली सगळी शिखरे जो पायी चढेल, तो त्याचा सभासद. शेजारच्या उंच शिखराला जोडणाऱ्या खिंडीपासून निदान २०० फूट वर उठलेले असेल, तरच ते शिखर वेगळे धरायचे. अशी शिखरे तेव्हा ४६ होती. आता यादीत ४८ आहेत.

पुढे काहींना वाटले, हीच यादी हिवाळ्यात पुरी करावी. त्याचाही नियम ठरला. सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचतो त्या क्षणी हिवाळा सुरू होतो आणि वसंतसंपाताच्या क्षणी संपतो. तासभर आधी चढलेले शिखर खात्यावर जमा होत नाही!

तुम्ही म्हणाल, चार हजार फुटांचे काय एवढे? आपले कळसूबाई ५,४०० फुटांचे आहे. खरे आहे. पण तिथे डिसेंबरातला दिवस जेमतेम नऊ तासांचा. वाट बर्फाखाली गडप झालेली. पाच हजार फुटांच्या आसपास झाडे संपतात आणि मग वाऱ्याला आडोसा नाही. ६,२८८ फुटांच्या माउंट वॉशिंग्टनवर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी २३१ मैलांचा वारा मोजला गेला. म्हणजे यादीतला हिवाळा संपल्यावरसुद्धा!

खरा धोका मात्र मुकाट्याने येतो. चढताना घाम येतो, कपडे भिजतात. थांबले की तेच ओले कपडे अंगातली ऊब शोषून घेतात. हातपाय बधिर होतात आणि पाठोपाठ बुद्धीही मंदावते. परत फिरावे हे ज्याने ठरवायचे, त्यालाच ते सुचेनासे होते. अशा वेळी ‘एवढे एकच शिखर राहिले आहे’ हा विचार जिवावर बेततो.

ही हिवाळी यादी सर्वांत आधी पुरी केली ती रॉबर्ट आणि मिरियम अंडरहिल या दांपत्याने. शेवटचे शिखर माउंट जेफरसन. तारीख ३१ डिसेंबर १९६०. मिरियमबाई तेव्हा ६२ वर्षांच्या, रॉबर्टराव ७१ वर्षांचे! याच बाईंनी १९३२ साली अ‍ॅलिस दामेम या मैत्रिणीबरोबर, एकाही पुरुषाची सोबत न घेता, आल्प्समधले मॅटरहॉर्न शिखर सर केले होते.

या वयाकडे जरा लक्ष द्यावे. यादीत शिखरे लिहिलेली आहेत, मुदत कुठेच लिहिलेली नाही. यंदा राहिलेले शिखर पुढच्या हिवाळ्यातही तिथेच असते. माणूस मात्र तोवर असायला हवा.

आणि म्हणून गुरुजींना एक विनंती. मुलांना घेऊन गड चढायला निघाल, तेव्हा परत फिरायची वेळ पायथ्याशीच ठरवा आणि ती मुलांना सांगून ठेवा. माथा हाकेवर असला तरी ती वेळ पाळा. गड काही कुठे जात नाही.