एक कॉलेज, चार विद्यापीठं

गेल्या दिवाळीत सोलापूरच्या घरी आजोबांची जुनी ट्रंक उघडली. शोधत होतो घराचा सात-बारा, हाताला लागली पदवी प्रमाणपत्रं. चार पिढ्यांची नाहीत, पण चार माणसांची. आजोबा बी.ए., १९४६, मुंबई विद्यापीठ. थोरले काका बी.ए., १९५९, पुणे विद्यापीठ. आत्या बी.एस्सी., १९७१, शिवाजी विद्यापीठ. आणि आत्याची नात बी.एस्सी., २०१४, सोलापूर विद्यापीठ. (तिने आपलं प्रमाणपत्र "सुरक्षित राहील" म्हणून या ट्रंकेत का ठेवलं ते तिलाच ठाऊक.)

गंमत म्हणजे चौघांचं कॉलेज एकच. सोलापूरचं दयानंद, १९४० साली सुरू झालेलं. चौघंही एकाच फाटकातून आत गेली आणि बाहेर पडली. कॉलेज जागचं हललं नाही, विद्यापीठ मात्र तीनदा बदललं.

हे का बदललं, कोणी बदललं, आणि त्याने आमच्या घरात काय फरक पडला, हे जरा नीट मांडून बघावं म्हणून हा लेख.

आजोबांच्या वेळी सगळ्या मुंबई इलाख्याची सूत्रं मुंबईत होती. १८५७ चं विद्यापीठ. सोलापूरहून मुंबई साडेचारशे किलोमीटर, पण रेल्वेचा मुख्य मार्ग. रात्री गाडीत बसलं की सकाळी बोरीबंदर. आजोबांनी पदवीनंतर एकदाच ती इमारत पाहिली आणि आयुष्यभर तिच्या घड्याळाच्या मनोऱ्याचं वर्णन केलं.

१९४८ साली पुणे विद्यापीठाचा कायदा झाला आणि १९४९ मध्ये काम सुरू झालं. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. कचेरी आधी भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निझाम गेस्ट हाउसमध्ये होती, मग गणेशखिंडीत गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात गेली. कार्यक्षेत्र जळगावपासून कोल्हापूरपर्यंत, बारा जिल्हे. आणि एवढ्या मुलखात सुरुवातीला संलग्न कॉलेजं किती? अठरा! आज एकेका तालुक्यात त्याच्या निम्मी तरी निघतील.

सोलापूरला हे फार सोयीचं झालं. पुणे अडीचशे किलोमीटर, तोच रेल्वेमार्ग, गाडी बदलायची नाही. काका मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी गेले ते सकाळी उतरून, काम करून, रात्रीच्या गाडीने परत. डबा घरचाच.

मग आलं १९६२. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं. १८ नोव्हेंबरला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. तारीख लक्षात घ्या, तिकडे चीनशी युद्ध चालू होतं. अशा दिवसांत सागरमाळावर एका विद्यापीठाची सुरुवात झाली. इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू, १९७५ पर्यंत. शहराबाहेरचा उजाड माळ, साडेआठशे एकरांच्या आसपास जागा. आज तिथली झाडी आणि तळी बघितली की त्या माणसांनी किती पुढचा विचार केला होता ते कळतं. खेड्यापाड्यांतल्या, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी हे विद्यापीठ हवंच होतं, आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या कितीतरी घरांत त्याने पहिला पदवीधर दिला. त्याबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे.

पण सोलापूर जिल्हाही त्यालाच जोडला गेला. आणि इथे आमच्या घराची गोष्ट वेगळी होते.

नकाशावर बघितलं तर कोल्हापूर पुण्याहून फार लांब नाही, सोलापूरपासून अंतर जवळपास तेवढंच. पण नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजता येतं, प्रवास नाही. त्या काळात रेल्वेने जायचं तर कुर्डुवाडीला उतरायचं. तिथून बार्शी लाइटची छोटी गाडी पंढरपूर, सांगोला करत रमतगमत मिरजेला नेणार. मिरजेला परत गाडी बदलायची. नाहीतर एसटी, मंगळवेढा-सांगोला-मिरज, हाडं खिळखिळी. म्हणजे कागदावर विद्यापीठ "जवळ" आलं आणि सोलापूरकरांसाठी ते एका मुक्कामाने लांब गेलं.

आत्याला गणितात उत्तम गुण होते. तिला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. त्यासाठी कोल्हापूरला जाऊन राहायला हवं होतं. आजोबा स्वतः पदवीधर, मुलीला कॉलेजात घातलं म्हणून भावकीत बोलणी खाल्लेले. पण ते म्हणाले, "पुण्याला असतं तर थोरल्याकडे राहिली असती. कोल्हापुरात आपलं कोण आहे?" विषय संपला. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. मग जन्मभर तिने शाळेत गणित शिकवलं, छान शिकवलं, आणि एम.एस्सी.चा विषय कधी काढला नाही.

आजोबांना मी दोष देत नाही. कोल्हापूरच्या विद्यापीठालाही देत नाही. जिल्हे जोडताना कोणी ना कोणी कडेला राहणारच. पण "कार्यक्षेत्र" हा शब्द फाइलीत वाचायला जितका कोरडा वाटतो तितका तो नसतो, एवढंच मला त्या ट्रंकेपाशी बसून कळलं.

पुढे शिवाजी विद्यापीठाने सोलापुरात पदव्युत्तर केंद्र काढलं, शहराबाहेर पुणे रस्त्यावर केगावला. कडेच्या माणसांची अडचण मोठ्या विद्यापीठालाही दिसते ती अशी. आणि याच केंद्राचं १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ झालं, डॉ. इरेश स्वामी पहिले कुलगुरू. कार्यक्षेत्र फक्त एक जिल्हा. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं.

महाराष्ट्रात हे पुन्हा पुन्हा घडलेलं आहे. पुण्यातून १९९० मध्ये जळगावचं विद्यापीठ निघालं, मराठवाडा विद्यापीठातून १९९४ मध्ये नांदेडचं, नागपुरातून २०११ मध्ये गडचिरोलीचं. प्रत्येक वेळी कारण तेच, लांबचा जिल्हा.

थोरल्या काकांना हे पटत नाही. "आमच्या पुण्याच्या सर्टिफिकेटला वजन होतं रे," ते म्हणतात. "एका जिल्ह्याचं काय विद्यापीठ? उद्या तालुक्याला एक काढा!" त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. विद्यापीठाचा खर्च बऱ्याच अंशी परीक्षा आणि संलग्नता शुल्कावर चालतो. कॉलेजं कमी तर उत्पन्न कमी, उत्पन्न कमी तर नवे विभाग काढायला हात आखडता. शिवाय सगळी मुलं एकाच जिल्ह्यातली असली की वसतिगृहात दुसऱ्या मुलखाचा माणूस भेटत नाही. हे नुकसानही खरंच आहे.

पण मग मी काकांना तुळजापूरचं उदाहरण देतो. तुळजापूर सोलापूरपासून पंचेचाळीस किलोमीटर. तिथली माणसं बाजाराला, दवाखान्याला सोलापुरात येतात. पण तिथल्या कॉलेजचं विद्यापीठ आहे छत्रपती संभाजीनगरला, अडीचशे किलोमीटरहून लांब. का? तर १९४८ पर्यंत तो निजामाचा मुलूख होता आणि १९५८ साली मराठवाड्याचं विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा हद्द तीच राहिली. निजाम गेला, त्याची वेस राहिली. आता धाराशिवला त्या विद्यापीठाचा उपपरिसर आहे, म्हणजे सोलापूरच्या केगावची जी आधीची पायरी होती तीच.

१९९४ च्या विद्यापीठ कायद्याने आणि पुढे २०१६ च्या कायद्यानेही प्रत्येक विद्यापीठाला "बृहत् आराखडा" करायला सांगितलं आहे. कुठे कॉलेज हवं, कुठे कोणता अभ्यासक्रम हवा, याचं काही वर्षांचं नियोजन. चांगली गोष्ट आहे. माझी त्यात एकच भर. आराखडा करणाऱ्यांनी नकाशाशेजारी एसटीचं वेळापत्रकही ठेवावं. आणि मुलगी संध्याकाळी घरी परत येऊ शकते का, एवढा एक रकाना त्यात घालावा.

आत्याच्या नातीने पदवीनंतर संख्याशास्त्रच घेतलं, एम.एस्सी.ला, केगावला. कोणी सुचवलं नव्हतं. प्रवेशाच्या दिवशी आत्या हट्टाने बरोबर गेली. नात रांगेत उभी होती तोवर ती आवारात एकटीच फिरून आली. परत आल्यावर विभाग कसा आहे, शिक्षक कोण, काही विचारलं नाही. विचारलं एवढंच,

"इथून शेवटची बस किती वाजता असते गं?"

नात म्हणाली, "आज्जी, बस सारख्या असतात."

आत्या "बरं" म्हणाली आणि बाकावर बसली. नात सांगते, त्यानंतर बराच वेळ ती काही बोलली नाही.

असो. सात-बारा मात्र अजून सापडलेला नाही.