जीर्ण टाइपरायटर अक्षरवळण

झिजलेले खिळे, वाळत आलेली शाईची फीत आणि बोटांचा असमान दाब यांच्या खुणा जपणारा, मुख्यतः शीर्षके, मुखपृष्ठे व भित्तिपत्रांसाठी वापरला जाणारा फॉन्ट. रोमन लिपीतील ठळक उदाहरण म्हणजे एरिक व्हान ब्लोकलंड यांचा ‘ट्रिक्सी’ (१९९१).

देवनागरीत असा फॉन्ट घडवणे अधिक अवघड, म्हणूनच अधिक मोलाचे. टाइपरायटरवर कळा मोजक्या. त्यामुळे अनेक अक्षरांचे अर्धे रूप आधी उमटवून मग त्याला काना जोडावा लागे. वरखालच्या काही खुणा गाडा पुढे न सरकता उमटत. परिणामी शिरोरेषा जागोजागी तुटे, मात्रा किंचित बाजूला बसे, जोडाक्षराचे सांधे उघडे पडत. अक्षरकाराने जपायचे ते हेच. स्वच्छ फॉन्टवर नुसते डाग शिंपडले तर अक्षर खोटे वाटते.

भारतात गोदरेजने १९५५ मध्ये देशी टाइपरायटर बाजारात आणला. त्याचे उत्पादन २००९ च्या सुमारास थांबले. कळांची मांडणी मात्र टिकून राहिली. मध्य प्रदेशात शासकीय नोकरीसाठीच्या सीपीसीटी परीक्षेत हिंदी टंकलेखनाला इनस्क्रिप्टबरोबर टाइपरायटरच्या धर्तीचा रेमिंग्टन गेल हा कळफलकही निवडता येतो. ‘कृतिदेव’ फॉन्टची मांडणीही रेमिंग्टनच्याच वळणाची आहे.