मुंडकं गेलं, तुकडी उरली

आज आपण बोलणार आहोत पांढऱ्या, सौम्य चवीच्या माशांबद्दल. पापलेट, मुडदुशी, लेपा, ढोमा. घरातल्या लहानग्यांना आणि म्हाताऱ्यांनाही आवडणारे हे मासे.

लाल मसाला लावून रव्यात घोळवलेली तुकडी ही आपल्याला फार जुनी रीत वाटते. तुकडी जुनी आहे, लाल मसाला नवा. घाटावरच्या कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, त्याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मासा तळायची कृती आहे. काळ सुमारे ११३०. तुकडे धुऊन चिंचेच्या कोळात शिजवायचे, गव्हाचं पीठ लावून तांबूस तळायचे, वरून सैंधव, वेलची, मिरपूड. मिरची नाहीच, कारण ती पोर्तुगिजांबरोबर १६व्या शतकात आली. चिंचेऐवजी कोकमाचं आगळ घेऊन असा मिरपुडीतला लेपा एकदा करून बघा. माशाची स्वतःची चव कळते.

पण मोठा बदल झाला तो निवडण्यात. बर्फ नव्हता तेव्हा मासेवालीचे पाय जिथवर पोचतील तिथवरच ताजा मासा. पलीकडच्या गावांना सुकं नाहीतर खारं. दारात पाटी उतरली की आपल्या सासवा कल्ला उचलून लाल आहे का बघत, डोळा फुगीर की खोल गेलेला, पोट घट्ट की मऊ. १९६०नंतर यांत्रिक होड्या वाढल्या, बर्फ आला, मिरकरवाड्याचा मासा दूरदूर जाऊ लागला. आता तर पाकिटातली बिनकाट्याची तुकडी आली. त्यातला बासा आपल्या समुद्रातला नव्हेच, तो व्हिएतनामकडच्या मेकाँग नदीतला, गोड्या पाण्यातला. खाऊ नये असं नाही. पण मुंडकंच नाही तर कल्ला कुठे बघणार?

मग बोटाने दाबून बघायचं. खळगा लगेच भरून आला पाहिजे. कडा पिवळट नकोत, आंबूस वास नको. पाकिटात बर्फाचे मोठे खडे साचले असतील तर माल एकदा वितळून पुन्हा गोठला असण्याचा संभव. घरी आणल्यावर गरम पाण्यात टाकू नका, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हळूहळू सुटू द्या, आणि पाणी टिपून मगच मीठ-हळद लावा. ओली तुकडी तव्यावर फुटते.

अखंड पापलेट घेताना मात्र आणखी एक गोष्ट बघायची. २०२३मध्ये पापलेट राज्यमासा झाला, आणि त्याच वर्षी १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडू नये असा सरकारी नियम आला. म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर. एवढ्याशा माशाने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. स्वस्त पडतात म्हणून आपण तीच पिल्लं घेतो, आणि मोठं पापलेट मिळत नाही म्हणून कुरकुरतो! मासेवालीला बोल लावू नका. लिलावात येतं तेच तिच्या पाटीत येतं. पण दोन-चार दारांत पिल्लं परत गेली, तर पुढच्या लिलावात ती त्या वाट्यावर बोली लावताना विचार करील.