नकाराने ठेवलेली नावे

१९७५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांसमोर एक पेच होता. रक्त चढवल्यानंतर ज्यांच्या यकृताला सूज आली, त्यांच्यापैकी अनेकांच्या रक्तात 'ए' विषाणूचा माग लागत नव्हता आणि 'बी'चाही नाही. मग आजाराचे नावच पडले 'नॉन-ए, नॉन-बी हेपटायटिस'. १९८९ मध्ये मायकल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूच्या जनुकांचा छडा लावला, तेव्हा कुठे त्याला 'सी' हे अक्षर मिळाले. चौदा वर्षे एक जीवघेणा आजार दोन नकारांच्या आधारावर ओळखला गेला.

आपला शब्द कावीळ. तो संस्कृत 'कामला'वरून आला. कोमलचा कोवळा झाला, श्यामलचा सावळा, आमलकाचा आवळा, त्याच वाटेने 'म'चा 'व' होत कामलेची कावीळ झाली. शब्द गोड आहे, पण 'सी'च्या बाबतीत तो फसवतो. कावीळ म्हटले की पिवळे डोळे आठवतात, आणि हा विषाणू शरीरात शिरलेल्या बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. वर्षानुवर्षे तो यकृतात मुक्काम करतो आणि माणसाला पत्ता नसतो.

हेपटायटिस मात्र थेट अवयवाचे नाव घेते. ग्रीक 'हेपार' म्हणजे यकृत. हेपार आणि यकृत एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत, आणि फारसीतून आपल्याकडे आलेला 'जिगर' त्यांचाच भाऊ. जिगरी दोस्त म्हणताना आपण यकृताचीच शपथ घेत असतो! काळीज संस्कृत 'कालेय'वरून, प्राकृत 'कालिज्ज'मार्गे आले. त्याचाही मूळ अर्थ यकृत. ते छातीत सरकले नंतर. मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर आजही यकृतच मिळते. 'व्हायरस'ची गोष्टही अशीच. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या 'स'चा 'र' होतो, त्यामुळे ओळखू येत नाही, पण तो शब्द आपल्या 'विष'चा सख्खा नातलग आहे. विषाणू हा प्रतिशब्द म्हणूनच मला अतिशय नेमका वाटतो.

आता या 'सी' विषाणूच्या आत जाऊ. तिथेही नकार भेटतो.

त्याचा आरएनए साधारण ९,६०० अक्षरांचा. पेशीत शिरल्यावर आपली पेशीच तो वाचते आणि सुमारे ३,००० अमिनो आम्लांचे एक सलग प्रथिन तयार करते. ऊस पेरापेरावर तोडावा तसे ते ठरलेल्या जागी तुटते आणि त्यातून दहा प्रथिने सुटी होतात. विषाणूचा कण ज्यांनी बनतो ती 'स्ट्रक्चरल', म्हणजे रचनात्मक: एक गाभ्याचे, दोन वेष्टनाची. गाभा हा शब्द गर्भ, गब्भ असा आलेला. देवळातला गाभाराही त्याच घरातला. गाभ्याच्या प्रथिनाच्या पोटात विषाणूचा आरएनए असतो, तेव्हा गाभा हे नाव अगदी सार्थ. वेष्टनाची 'ई१' आणि 'ई२' यकृतपेशीच्या पृष्ठभागावरील सीडी८१सारख्या रेणूंना धरून आत शिरकाव मिळवतात. 'पी७' हे आपल्या वजनावरून ओळखले जाते, सात किलोडाल्टन.

उरलेल्या सहांना नाव मिळाले 'एनएस', नॉन-स्ट्रक्चरल. म्हणजे रचनेत नसलेली. क्रमांकही दोनपासून सुरू होतात, कारण पीतज्वराच्या विषाणूत जिथे 'एनएस१' बसते तिथे इथे 'ई२' निघाले. आरंभीच्या लेखनात त्याला 'ई२/एनएस१' असे जोडनावही होते.

आपल्या व्याकरणकारांनी नकाराचे दोन प्रकार सांगितले. एक निव्वळ निषेध, प्रसज्यप्रतिषेध. दुसरा पर्युदास: त्याहून वेगळा, पण त्याच जातीतला. अमराठी म्हटले की माणूसच डोळ्यांपुढे येतो. दगडाला कुणी अमराठी म्हणत नाही. एनएसमधला नकार पर्युदासाचा आहे. ती प्रथिनेच आहेत, फक्त कणाच्या बांधणीत नाहीत. पण ऐकणाऱ्याला तो निव्वळ निषेध वाटतो, जणू हा उरलासुरला माल. या नावावर माझा आक्षेप आहे तो इथे.

कारण काम ही मंडळीच करतात. 'एनएस३' हे 'एनएस४ए'च्या साथीने त्या लांब प्रथिनाचे पुढचे सांधे तोडते. म्हणजे उसाच्या एका पेरातच कोयता आहे. तेच प्रथिन धोक्याची वर्दी देणारे पेशीतले एक प्रथिनही कापून टाकते, आणि इंटरफेरॉन या बचावाच्या रेणूची हाक निघतच नाही. त्या वर्दी देणाऱ्या प्रथिनाला २००५ साली चार गटांनी चार वेगवेगळी नावे दिली: मॅव्हस, आयपीएस-१, व्हिसा, कार्डिफ. त्याला कापणाऱ्याच्या नशिबी मात्र 'नॉन' आणि एक आकडा. 'एनएस४बी' पेशीतल्या पटलांना मुरड घालून प्रतिकृतीसाठी आडोसा उभा करते. 'एनएस५बी' आरएनएच्या नकला काढते. १९९९ मध्ये जर्मनीत फोल्कर लोहमान आणि राल्फ बार्टनश्लागर यांच्या गटाने विषाणूच्या जनुकांतून सगळा रचनात्मक भाग काढून टाकला, 'एनएस३' ते 'एनएस५बी' एवढाच ठेवला. तरीही यकृताच्या पेशींत त्या आरएनएच्या प्रती निघत राहिल्या. नवा कण बनेना, पण पुनरुत्पादनाचा कारखाना चालू होता.

औषधे शोधणाऱ्यांनी म्हणूनच याच नकारवाल्यांना गाठले. त्यांच्या औषधांची नावे वाचायला शिकण्यासारखी आहेत. शेवटचे 'व्हिर' व्हायरसचे, म्हणजे दूरच्या नात्याने विषाचे. 'प्रेव्हिर' असेल तर ते 'एनएस३'चा कोयता अडवते, 'आसव्हिर' असेल तर 'एनएस५ए'ला, 'बुव्हिर' असेल तर '५बी'ला. सोफोसबुव्हिर डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले; वेल्पाटासव्हिरसोबत घेतले की बहुतेक रुग्ण बारा आठवड्यांत बरे होतात. यातले '५ए' तर कोणतेही विकर नाही, स्वतः काही कापत नाही की जोडत नाही, तरी त्याला बांधले की सगळे अडते. '४बी'वर चालणारे औषध अजून वापरात आलेले नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याचा प्रत्यय कोणत्याही गोळीच्या पाकिटावर सापडत नाही.