वानलेसवाडीच्या नावामागे

सांगली-मिरज सिटी बसमध्ये "वानलेसवाडी, अर्धं" असं म्हणत आपण किती वर्षं प्रवास केला, आठवतंय? हे नाव आलं कुठून, हे मी शाळेच्या दहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. पुढे वालचंदला इंजिनिअरिंग करताना रोज त्याच रस्त्याने गेले, तेव्हाही नाही. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवलं, राहिलेला हा गृहपाठ आता पूर्ण करू.

डॉ. विल्यम वानलेस यांचा जन्म १८६५ चा, कॅनडातला. अमेरिकेत वैद्यक शिकून १८८९ मध्ये, ऐन पंचविशीत, ते प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून आपल्याकडे आले. सुरुवात सांगलीतल्या लहानशा दवाखान्याने झाली आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं. आपले आजी-आजोबा त्याला नुसतं 'मिशन' म्हणत. मिरज हे रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे लांबलांबचे पेशंट गाडीने येऊन उतरत. पुढे इथेच डॉक्टर आणि परिचारिका शिकवून तयार होऊ लागल्या. ज्यांना गाव वेशीबाहेर ठेवत असे, त्या कुष्ठरोग्यांसाठी मिरजेत वेगळं रुग्णालय झालं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढाच उपचार. त्यासाठी सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर आरोग्यधाम उभं राहिलं, आणि त्या वस्तीला डॉक्टरांचं नाव मिळालं. जवळजवळ चाळीस वर्षं काम करून ते १९२८ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. १९३३ मध्ये ते वारले.

मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याबद्दल लोकांच्या मनात शंका होती, आजही असते. पण बहुतेक पेशंट बरे होऊन आपापल्या देवाकडेच परतले. तरीही वस्तीचं नाव टिकलं. ज्यांनी धर्म बदलला नाही, त्यांच्याही तोंडी ते राहिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

माझं आजोळ साताऱ्याचं. तिथली गोष्ट याच्या अगदी उलटी आहे. कवी नारायण वामन टिळक आयुष्याच्या अखेरच्या काळात साताऱ्याला होते. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला मानणारे, अशा सगळ्यांना एकत्र बसता यावं ही त्यामागची कल्पना. १९१९ मध्ये ते गेले. या सगळ्याची सुरुवात मात्र रेल्वेच्या डब्यात झाली होती. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना त्यांना एक अनोळखी प्रवासी भेटला. तो आपुलकीने बोलला, त्याने 'नवा करार' वाचायला दिला आणि आपल्या वाटेने निघून गेला. त्याचं नाव टिळकांना कधीच कळलं नाही. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पण टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. त्यांचं मन त्यांच्या गतीने वळलं आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

एकाचं नाव सिटी बसच्या तिकिटावर, दुसऱ्याचं खुद्द टिळकांनाही ठाऊक नव्हतं. दोघांनी माणसं बदलली ती वागण्यातून.

हे वाचताना मला सारख्या आपल्या बाई आठवत होत्या. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. तुम्ही ओळखालच. त्या ख्रिस्ती आहेत हे आम्हाला फक्त नाताळातल्या करंज्यांच्या डब्यावरून कळायचं. आठवीत प्रयोगशाळेतलं काचेचं एक पात्र माझ्या हातून फुटलं. आळ दुसऱ्या मुलीवर आला आणि मी गप्प बसले. बाईंनी पाहिलं होतं. त्यांनी त्या मुलीला ओरडा बसू दिला नाही, आणि माझं नावही घेतलं नाही. शाळा सुटल्यावर मला थांबवलं आणि स्वतः जमिनीवर बसून माझ्याबरोबर काच वेचली. एक शब्दही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी उभी राहून वर्गात खरं सांगितलं. त्या मुलीची माफी मात्र मागितली नाही. ती राहूनच गेली.

तीन वर्षांपूर्वी माझ्या एका चुकीच्या बदलामुळे रात्री आमची सिस्टीम बंद पडली. कॉलवरच्या सगळ्यांचा संशय टीममधल्या नव्या मुलावर होता. तो घाबरून बोलतही नव्हता. गप्प राहणं सोपं होतं, आणि खरं सांगते, मी काही क्षण गप्प राहिलेही. मग डोळ्यांसमोर बाई आल्या, साडीचा पदर खोचून काच वेचणाऱ्या. "चूक माझी आहे," मी म्हणाले.

मी ख्रिस्ती नाही, होण्याचा विचारही नाही. बाईंनी तशी अपेक्षाही कधी केली नसेल. पण त्यांच्याकडून जे घेतलं ते त्यांच्या श्रद्धेतूनच त्यांच्याकडे आलं होतं, एवढं आता कळतं. त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

मेळाव्याला मी सिटी बसनेच येणार आहे. वानलेसवाडी, या वेळी पूर्ण तिकीट. आणि आठवीतली ती मैत्रीण आली असेल, तर आधी तिच्याकडे जाणार आहे.