दारे, जिने आणि पडक्या भिंती

पॅरिस म्हटले की आयफेल मनोरा डोळ्यांपुढे उभा राहतो. तीस वर्षांहून अधिक काळ या नगरीची छायाचित्रे टिपणाऱ्या यूजेन आत्जेला मात्र त्या मनोऱ्याची ओढ कधी वाटली नाही. त्याचे लक्ष पाडकामाच्या यादीत असलेल्या घरांकडे होते.

आत्जेचा जन्म १८५७ सालचा. लहानपणीच तो पोरका झाला. काही काळ जहाजावर नोकरी, मग फिरत्या नाटकमंडळीत दुय्यम भूमिका, पुढे चित्रकलेचा प्रयत्न. कशातच जम बसला नाही. अखेर त्याने पोटासाठी कॅमेरा हाती धरला आणि 'कलावंतांसाठी दस्तऐवज' अशी पाटी दाराला लावली. त्या काळात जुने पॅरिस झपाट्याने नाहीसे होत होते. रुंद राजमार्गांसाठी वस्त्याच्या वस्त्या पाडण्याचे जे सत्र ओसमानने १८५३ नंतर आरंभिले, ते शतक संपत आले तरी पुरते थांबले नव्हते. १८९७ साली नगरपालिकेने जुन्या पॅरिससाठी आयोग नेमला. नेमक्या याच सुमारास आत्जेचा नित्यक्रम सुरू झाला.

पहाटे तो घराबाहेर पडे. लाकडी कॅमेरा, तिवई आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा हे सारे ओझे वीस किलोच्या आसपास भरे. काचेवर प्रतिमा उमटायला वेळ लागे. त्यामुळे चालता माणूस धुरकट होई किंवा साफ नाहीसा होई. उंच इमारत चौकटीत बसावी म्हणून भिंग वर सरकवले की वरचे कोपरे काळे पडत. आजचा छायाचित्रकार ते कापून टाकील. आत्जेने तसेच राहू दिले.

त्याने काय टिपले? दारावरची लोखंडी कडी, जिन्याचा कठडा, दारूच्या गुत्त्याची पाटी, अंगणातला हातपंप. चामडी कमावणाऱ्यांच्या घाणीने काळवंडलेली बिएव्र नदी त्याने टिपली. शहरातला तिचा उरलासुरला उघडा प्रवाह १९१२ मध्ये झाकला गेला. सें-जर्व्हे या पुरातन ख्रिस्तमंदिरामागच्या गल्लीतही त्याने आपली तिवई रोवली होती. पुढे १९१८ च्या शुभ शुक्रवारी, २९ मार्च रोजी, उपासना चालू असताना जर्मनांच्या लांब पल्ल्याच्या तोफेचा गोळा त्या मंदिरावर पडला. छत कोसळून नव्वदच्या आसपास भाविक मृत्यू पावले. आत्जेची चित्रे त्या दुपारच्या कितीतरी आधीची आहेत आणि त्यांत काहीच घडत नाही. माझ्या मते त्यांचे मोल त्यातच आहे.

आणखी एक गोष्ट. तो चित्राला क्रमांक देई आणि स्थळाचे नाव लिहून ठेवी. ही कारकुनी वृत्ती नसती तर त्या काचा इतिहासकाराच्या फारशा उपयोगी पडल्या नसत्या. आपल्याकडे वसईच्या किल्ल्यातील ख्रिस्तमंदिरांचे भग्नावशेष जोसे जेर्सन द कुन्य यांच्या १८७६ च्या चौल व वसईवरील ग्रंथात छायाचित्रांसह आले. किल्ल्याला असे इतिहासकार लाभतात. पण गावातले कौलारू घर, त्याचा ओटा, वाटेवरचा क्रूस, बावखलाचा दगडी काठ? पुष्कळदा ही घरे उरतात ती केवळ लग्नाच्या अल्बममध्ये, नवरीच्या खांद्यामागे, अर्धवट. आणि त्या पानावर वाडीचे नाव लिहिण्याचे कोणाला सुचलेले नसते.

आत्जेला प्रसिद्धीचा सोस नव्हता. १९२६ साली अतिवास्तववाद्यांच्या मासिकाने त्याची चित्रे छापली, तेव्हा हे केवळ दस्तऐवज आहेत, माझे नाव घालू नका, असे त्याने मॅन रे यांना बजावले. त्यापूर्वी १९२० मध्ये २,६२१ काचा त्याने दहा हजार फ्रँकला सरकारच्या हवाली केल्या होत्या, त्याही आपल्या हयातीत त्या सुरक्षित जागी पोचाव्यात या चिंतेने. १९२७ च्या ऑगस्टमध्ये तो वारला. घरात उरलेला संग्रह बेरेनिस अ‍ॅबट या तरुण अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९२८ मध्ये विकत घेऊन न्यूयॉर्कला नेला आणि चाळीस वर्षे सांभाळला. १९६८ साली तो तेथील आधुनिक कलेच्या संग्रहालयात दाखल झाला.